आकाशवाणीची स्वायत्तता: कायदा १९९० चा, किल्ल्या अजून मंत्रालयाकडेच

मध्यमलहर:

जून २०२३ मध्ये, आकाशवाणी व दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारती महामंडळाने आकाशवाणीच्या पुणे केंद्रातील प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून तिथली बातमीपत्रे छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा निर्णय घेतला होता. श्रोते, पत्रकार आणि लोकप्रतिनिधी यांनी विरोध केल्यावर काही दिवसांतच त्याला स्थगिती मिळाली आणि सकाळी ७ वाजून १० मिनिटांचे बातमीपत्र पुण्यातच राहिले. मीही त्या विरोधात सामील होतो आणि स्थगितीचा आनंद मलाही झाला. मात्र ती स्थगिती प्रसार भारतीच्या मंडळाच्या फेरविचारातून आली नव्हती, ती केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्र्यांच्या सूचनेवरून आली होती. कायद्याने स्वायत्त असलेल्या महामंडळाचा निर्णय मंत्र्यांच्या एका शब्दावर फिरतो आणि आपल्यापैकी कोणालाही त्यात काही वावगे वाटत नाही, हे माझ्या मनात तेव्हापासून सलत आहे.

मागची हकीकत थोडक्यात सांगतो. २३ जुलै १९२७ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले ते खासगी कंपनीचे होते. तीन वर्षांत त्या कंपनीचे दिवाळे निघाले आणि १९३० मध्ये सरकारने रेडिओ ताब्यात घेतला. हा ताबा तात्पुरता असेल असे तेव्हा वाटले असावे, पण स्वातंत्र्यानंतरही तो सुटला नाही. १९६४ मध्ये नेमलेल्या चंदा समितीने १९६६ साली आकाशवाणीसाठी स्वतंत्र महामंडळ सुचवले, ते बाजूला पडले. आणीबाणीत आकाशवाणी म्हणजे सत्ताधाऱ्यांचा कर्णा झाली. किशोरकुमार यांची गाणी लावायची नाहीत इथपर्यंत मजल गेली आणि खरी बातमी कळावी म्हणून लोक रात्री बीबीसी लावू लागले. पुढे जनता सरकारने बी. जी. वर्गीज यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने १९७८ मध्ये राष्ट्रीय प्रसारण न्यास सुचवला, पण १९७९ चे विधेयक सरकारबरोबरच कोसळले. विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या काळात, १९९० मध्ये, प्रसार भारती कायदा संमत झाला खरा. तो प्रत्यक्ष अमलात यायला मात्र सप्टेंबर १९९७ उजाडले. संसदेने केलेला कायदा सात वर्षे कपाटात पडून राहतो, यावरूनच सत्तेवर येणाऱ्या प्रत्येकाला ही वस्तू किती हवीहवीशी वाटते ते कळते.

त्या कायद्यात दोष आहेत, पण जे चांगले आहे तेही वापरले गेलेले नाही. कलम १३ प्रमाणे लोकसभेच्या १५ आणि राज्यसभेच्या ७ सदस्यांची समिती प्रसार भारतीवर देखरेख ठेवणार होती, कलम १४ प्रमाणे श्रोत्यांच्या तक्रारी ऐकणारी प्रसारण परिषद होणार होती. दोन्ही कागदावरच राहिल्या. कलम २३ तर मला सर्वांत बोलके वाटते. देशाची सुरक्षितता किंवा सार्वजनिक सुव्यवस्था यांसाठी अमुक प्रसारित करा किंवा करू नका, असा निर्देश सरकार देऊ शकते; पण अशा प्रत्येक निर्देशाची प्रत संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावी लागते. म्हणजे हस्तक्षेप करायचा असेल तर तो उघडपणे करा, असे कायदा सांगतो. लेखी निर्देशाची ही कटकट कोण करील, जेव्हा वृत्तविभागातले अधिकारी मुळात मंत्रालयाच्याच अखत्यारीतल्या भारतीय माहिती सेवेचे असतात, त्यांच्या बदल्या मंत्रालय करते आणि पगाराचे पैसेही तिथूनच येतात?

माझे म्हणणे इतकेच आहे की आकाशवाणीला नव्या कायद्यापेक्षा तीन गोष्टींची गरज आहे: बातम्या देणारी माणसे महामंडळाची स्वतःची असावीत, पैसा दरवर्षी हात पसरून मागावा लागू नये आणि कलम १३ ची समिती एकदाची नेमली जावी. विरोधी मत असणाऱ्यांनी अवश्य लिहावे.

सडेतोड नागपूरकर:

मध्यमलहर, आपण दिलेले उदाहरणच आपल्या विरोधात जाते. पुण्याचा वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय घेतला कोणी? त्याच स्वायत्त महामंडळाने, दिल्लीत बसून. तो वाचवला कोणी? ज्याला लोकांपुढे मते मागायला जावे लागते त्या मंत्र्याने. महामंडळ पूर्णपणे स्वतंत्र असते तर आपण निवेदने कोणाला दिली असती? न्यायालयात गेलो असतो तर निकाल लागेपर्यंत त्या स्टुडिओला कुलूप लागले असते.

स्वायत्तता या शब्दाभोवती आपल्याकडे उगाचच पावित्र्याचे वलय आहे. मंडळावर कोण येणार ते ठरवणारी समिती तिघांची असते: राज्यसभेचे सभापती, वृत्तपत्र परिषदेचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नेमलेली एक व्यक्ती. त्यातून निवृत्त सनदी अधिकारी आणि दिल्लीच्या वर्तुळातले नामवंत निवडले जातात. गडचिरोली किंवा नंदुरबारचा श्रोता त्यांच्या खिजगणतीत नसतो. उद्या त्यांच्या हाती खरोखरच सारी सत्ता आली, तर खर्च वाचवण्यासाठी पहिली कुऱ्हाड लहान केंद्रांवरच पडेल.

आणखी एक. मराठी रेडिओचा सुवर्णकाळ म्हणून आपण सारे ज्याचे गोडवे गातो तो पूर्णपणे सरकारी काळ होता. पु. ल. देशपांडे आणि व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीत काम करत होते तेव्हा कसली स्वायत्तता होती? १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे केंद्राने गीतरामायण प्रसारित केले, त्याच्या ५६ गीतांपैकी एकालाही सरकारी मालकी आडवी आली नाही. केंद्र संचालक सीताकांत लाड यांच्यासारखा रसिक माणूस खुर्चीत होता, एवढे पुरले.

निवृत्त उद्घोषिका:

मी चौदा वर्षे एका केंद्रावर नैमित्तिक उद्घोषिका होते. केंद्राचे नाव सांगत नाही, कारण तिथली माणसे वाईट नव्हती. त्यामुळे वरील दोन्ही बाजूंना आतले थोडे सांगावेसे वाटते.

सडेतोड यांचे म्हणणे संगीत आणि नाटक यांच्यापुरते खरे आहे. भूपाली कशी गायची हे कोणताही मंत्री सांगायला येत नाही. अडचण येते ती बोललेल्या शब्दाची. एकदा पावसाळ्यातील रोगांवर एका डॉक्टरांचे भाषण ध्वनिमुद्रित झाले होते. त्यात शहराच्या पाणीपुरवठ्याच्या नळांमध्ये गटाराचे पाणी मिसळते असे एक वाक्य होते. त्याच आठवड्यात एका जलयोजनेचे उद्घाटन होते. कोणाचाही फोन आला नव्हता, कोणताही आदेश नव्हता. पण कार्यक्रम अधिकाऱ्यांनी संहिता पाहिली, जरा विचार केला आणि ते वाक्य गाळून टाकले. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘‘बाई, माझ्या मुलीची यंदा दहावी आहे, बदली परवडणार नाही.’’ आकाशवाणीतील सेन्सॉरशिप बहुतेक वेळा अशीच असते. तिचा कागद निघत नाही, म्हणून तिची चौकशीही होत नाही.

पण मध्यमलहर, कर्मचाऱ्यांना स्वायत्तता हवी आहे असे आपण गृहीत धरले आहे, ते तसे नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये आकाशवाणी-दूरदर्शनच्या कर्मचाऱ्यांनी ४८ तासांचा संप केला, तेव्हा प्रसार भारती कायदाच रद्द करा अशी त्यांची मागणी होती. त्यांना पुन्हा सरकारी नोकर व्हायचे होते. अखेर कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५ ऑक्टोबर २००७ पर्यंत सेवेत असलेल्यांना निवृत्तीपर्यंत प्रतिनियुक्तीवरील सरकारी कर्मचारी मानून सरकारी वेतन व निवृत्तिवेतन मिळाले. त्यात त्यांची चूक म्हणवत नाही. पगार नक्की कोण देणार हे ज्याला ठाऊक नाही, तो माणूस संपादकीय स्वातंत्र्याचा झेंडा खांद्यावर घेत नाही. आणि आम्ही नैमित्तिक तर कोणाच्याच खिजगणतीत नव्हतो. महिन्याला मोजक्या पाळ्या, त्यावर मानधन, ना रजा ना निवृत्तिवेतन. सकाळची सभा सुरू करताना ‘नमस्कार’ मात्र आमच्याच आवाजात. केंद्र स्वायत्त झाल्यावर ही पद्धत वाढेल की कमी होईल, याचे उत्तर मला आधी हवे आहे.

खुला बाजार:

मला हा सारा वाद गैरलागू वाटतो. जगात रेडिओच्या बातम्यांवर सरकारी मक्तेदारी ठेवणाऱ्या लोकशाही देशांत आपला नंबर वरचा लागेल. २००१ मध्ये बंगळूरला पहिले खासगी एफएम केंद्र सुरू झाले, त्यालाही आता दोन तपे झाली. पण आजही खासगी केंद्राला स्वतःची बातमी देता येत नाही. २०११ च्या धोरणाने फार तर आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे ऐकवण्याची मुभा दिली. दूरचित्रवाणीवर शेकडो खासगी वृत्तवाहिन्या अहोरात्र ओरडतात ते चालते आणि कोल्हापूरच्या एफएमने पंचगंगेची पाणीपातळी स्वतःच्या वार्ताहराकडून घेऊन सांगितली तर देश धोक्यात येतो, हा कोणता तर्क? बंदी उठवा, आकाशवाणीच्या स्वायत्ततेचा प्रश्न उरणारच नाही. सरकारी कर्णा सरकारी राहू द्या, ऐकायचे त्याने ऐकावे.

मध्यमलहर:

एकेकाला उत्तर देतो.

खुला बाजार, बंदी उठवावी याबद्दल माझे आपल्याशी दुमत नाही. परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी १९९५ च्या ज्या निकालाच्या आधारे आपण हे बोलू शकतो, तो निकाल पूर्ण वाचायला हवा. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून बंगालच्या क्रिकेट संघटनेशी झालेल्या त्या खटल्यात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने हवाई लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे सांगितले आणि सरकारची मक्तेदारी नाकारली. त्याच निकालात ही मालमत्ता खासगी मक्तेदारांच्या हाती जाऊ नये असेही म्हटले आहे आणि तिच्या नियमनासाठी समाजाच्या सर्व थरांना प्रतिनिधित्व देणारी स्वतंत्र यंत्रणा उभारायला सांगितले आहे. जाहिरातींवर चालणारी एफएम केंद्रे जाहिरातदार असलेल्या शहरांत निघतात. भामरागडला ती निघणार नाहीत, आणि निघाली तरी माडिया बोलीत बोलणार नाहीत. आकाशवाणी २३ भाषा आणि १७९ बोलींमध्ये कार्यक्रम करते असे ती अधिकृतपणे सांगते. त्यातले किती नियमित आणि किती नावापुरते याबद्दल मी साशंक आहे. तरीही हे काम बाजार करणार नाही.

सडेतोड, मंत्र्यांनी पुण्याचा वृत्तविभाग वाचवला हे खरे आहे. पण ज्या हाताने वाचवले तोच हात १५ ऑगस्ट २०१७ ला काय करत होता ते आठवा. त्रिपुराचे तत्कालीन मुख्यमंत्री माणिक सरकार यांचे स्वातंत्र्यदिनाचे भाषण आकाशवाणी व दूरदर्शनने बदल केल्याशिवाय प्रसारित करायला नकार दिला होता. आज दिल्लीत कोणता पक्ष आहे हा मुद्दा नाही. १९७५ मध्ये दुसरा पक्ष होता आणि तेव्हा याहून पुष्कळ वाईट घडले. प्रत्येक पक्ष विरोधात असताना स्वायत्ततेवर भाषणे देतो आणि सत्तेवर आला की त्याला आकाशवाणीची उपयुक्तता पटते. गीतरामायणाबद्दल बोलायचे तर, रसिक केंद्र संचालक लाभणे हा योग होता. योगावर संस्था चालत नाही.

उद्घोषिकाताई, आपल्या प्रश्नाला माझ्याकडे प्रामाणिक उत्तर एवढेच आहे की मूळ मांडणीत मी ‘माणसे महामंडळाची असावीत’ असे लिहिले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर फक्त वार्ताहर आणि संपादक होते. नैमित्तिक उद्घोषक तिथे नव्हते. ही माझी उणीव आहे.

दर्याकाठ:

मी श्रीवर्धनजवळच्या गावात राहते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा आमची वीज गेली आणि मोबाइलचे मनोरे आडवे झाले. कित्येक दिवस घरात बाहेरच्या जगाचा एकच आवाज होता, सासऱ्यांचा दोन सेलवरचा रेडिओ. त्या दिवसांत आम्ही बातमीदार मंत्रालयाचा की महामंडळाचा असे विचारले नाही. म्हणून सडेतोड यांच्याप्रमाणे मलाही सरकारी रेडिओ वाईट वाटत नाही.

मात्र त्याच रेडिओवर आता दिवसाचा मोठा भाग दुसरीकडच्या कार्यक्रमांच्या सहक्षेपणात जातो. मच्छीमारांसाठीचा हवामानाचा इशारा लागतो, पण नौका बंदरात आणाव्यात का, कोणत्या खाडीत आसरा घ्यावा, हे आमच्या बोलीत सांगणारा माणूस कमी झाला. दिल्लीच्या बातम्यांत कोणाला किती मिनिटे मिळाली यावर आपण सगळे वाद घालता. मला विचाराल तर सार्वजनिक सेवा म्हणजे स्थानिक केंद्रावर स्थानिक माणूस. ते स्वायत्ततेने मिळणार असेल तर स्वायत्तता द्या.

हिशेबनीस:

चर्चेत पैशांचा मुद्दा सर्वांनी ओझरता सोडला आहे. माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

प्रसार भारतीला पगारासाठी केंद्राकडून दरवर्षी साधारण अडीच हजार कोटी रुपयांचे अनुदान लागते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात साधारण पावणेपंचवीस कोटी कुटुंबे होती. भागाकार केला तर दूरदर्शन धरून दर कुटुंबामागे वर्षाला साधारण शंभर रुपये पडतात. रक्कम मोठी नाही, पण ती दर वर्षी मंत्रालयातून मंजूर व्हावी लागते. २०१८ च्या सुरुवातीला हे अनुदान अडवले जात असल्याची तक्रार प्रसार भारतीच्या तत्कालीन अध्यक्षांनीच जाहीरपणे केली होती. मंत्रालयाचे म्हणणे होते की महामंडळाने सामंजस्य करारावर सही केलेली नाही. कोण बरोबर होते ते बाजूला ठेवू. अनुदान रोखण्याची नुसती शक्यता असली तरी फोन करावाच लागत नाही, हे वरच्या पाण्याच्या नळाच्या गोष्टीवरून कळतेच.

जर्मनीत दर कुटुंब महिन्याला १८.३६ युरो भरते आणि ही रक्कम किती असावी याची शिफारस एक स्वतंत्र आयोग करतो. २०२० च्या अखेरीस एका राज्याने वाढ रोखून धरली, तेव्हा २०२१ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती लागू करायला लावली. ब्रिटनमध्ये बीबीसीसाठी घरोघरी घेतले जाणारे परवाना शुल्क सरकार ठरवते, म्हणून २०२२ मध्ये मंत्र्यांनी ते दोन वर्षांसाठी गोठवले आणि बीबीसीला मुकाट्याने कात्री लावावी लागली. अमेरिकेत २०२५ मध्ये सार्वजनिक प्रसारणाचा आधीच मंजूर झालेला निधी काँग्रेसने परत घेतला. तिन्ही ठिकाणी संपादकीय स्वातंत्र्याची तरतूद आहेच; फरक आहे तो थैलीची दोरी कोणाच्या हाती यात. मध्यमलहर यांच्या तीन मागण्यांत हा मुद्दा दुसऱ्या क्रमांकावर आहे, तो पहिला हवा.

सडेतोड नागपूरकर:

हिशेबनीस, म्हणजे पुन्हा रेडिओचा परवाना आणायचा? माझ्या वडिलांचे परवान्याचे पुस्तक अजून कपाटात आहे. दरवर्षी टपाल कार्यालयात रांग लावून त्यात तिकिटे चिकटवून घ्यावी लागत. ती कटकट १९८० च्या दशकात सरकारने स्वतःच बंद केली. ज्या देशात विजेचे बिल भरायला लोक का कू करतात तिथे न ऐकलेल्या रेडिओसाठी शंभर रुपये कोण देईल?

हिशेबनीस:

परवाना नको. वसुलीलाच निम्मा पैसा जाईल. वित्त आयोगाच्या शिफारशीने राज्यांचा वाटा पाच वर्षांसाठी ठरतो, तसे प्रसारणाचे अनुदान पाच वर्षांसाठी एकदा ठरवावे, ते संसदेने मंजूर करावे आणि त्या काळात मंत्रालयाला त्यात हात घालता येऊ नये. शिवाय त्यातला ठरावीक हिस्सा जिल्हा केंद्रांच्या स्थानिक कार्यक्रमांसाठी राखून ठेवावा, म्हणजे दर्याकाठ यांचा माणूस परत येईल आणि उद्घोषिकाताईंच्या सहकाऱ्यांना पाळ्यांऐवजी करार देता येतील.

निवृत्त उद्घोषिका:

करार किती वर्षांचा, तेही त्याच ओळीत लिहा. अकरा महिन्यांचे करार आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

मध्यमलहर:

अनुदान पाच वर्षांचे असेल तर करारही पाच वर्षांचा हवा, हे मला मान्य आहे. हिशेबनीस यांनी क्रम बदलायला सांगितला तोही बदलतो. कलम १३ ची समिती नेमायला मात्र कायदादुरुस्ती लागत नाही आणि जास्तीचा एक रुपयाही लागत नाही. तिथून सुरुवात करायला सडेतोड यांची हरकत नसावी, कारण तिचे बावीसही सदस्य निवडून आलेले असतील.

सडेतोड नागपूरकर:

समितीला हरकत नाही. जबाबदारी निवडून आलेल्यांकडे राहते, एवढेच मी पहिल्यापासून म्हणत होतो. ती एका मंत्र्याकडून बावीस जणांकडे गेली तर बिघडत नाही, विरोधी पक्षही त्यात बसेल. पाच वर्षांच्या अनुदानालाही मी नाइलाजाने होकार देतो. पण एक अट आहे. कोणतेही केंद्र, वृत्तविभाग किंवा मध्यमलहरींवरचे (मीडियम वेव्ह) प्रक्षेपण बंद करण्याआधी त्या भागात जाहीर सुनावणी झाली पाहिजे आणि तिचे इतिवृत्त या समितीपुढे गेले पाहिजे.

मध्यमलहर:

अट मान्य. २०२३ मध्ये ती असती तर पुण्याला मंत्र्यांच्या दारात जावे लागले नसते.

सडेतोड नागपूरकर:

मग हेही लिहून ठेवा की नागपूर केंद्राची सुनावणी नागपुरातच होईल, सोयीसाठी म्हणून पुण्यात नव्हे.